दर वाढला, दिवस घटले: ऊसतोडीच्या ३४ टक्क्यांचा हिशेब

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पुण्यात ऊसतोड कामगारांच्या दरवाढीवर तोडगा निघाला. साखर संघ (सहकारी साखर कारखान्यांची संघटना) आणि कामगार संघटना यांची ओढाताण बरेच दिवस चालली होती. शेवटी शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने आकडा ३४ टक्क्यांवर ठरला. तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला आणि मुकादमाचे, म्हणजे कामगारांची टोळी उभी करणाऱ्या मध्यस्थाचे, कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के. करार तीन हंगामांचा, २०२३-२४ ते २०२५-२६.

मोलमजुरीच्या धंद्यात एका बैठकीत ३४ टक्के वाढ सहसा कुणाला मिळत नाही. आधीच्या वेळी, ऑक्टोबर २०२० मध्ये, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये झालेल्या बैठकीत १४ टक्क्यांवर समाधान मानावे लागले होते आणि दर सुमारे २३९ वरून २७३ वर गेला होता. म्हणजे चार वर्षांत टनाचा भाव दीडपटीहून वर चढला. हाच आकडा धरून चाललो तर ऊसतोडीतली गरिबी ओसरत असली पाहिजे. ती का ओसरत नाही, हे या एका करारापुरते तपासायचे आहे. कामगारांचा पुढारी विकला गेला, कारखानदार लबाड निघाला, ही नेहमीची दोन उत्तरे बाजूला ठेवू. ती कधी खरीही असतील, पण त्यांच्याशिवायही हिशेब तोट्यात जातो.

आधी व्यवस्था थोडक्यात. बीडमधले धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, शेजारच्या अहिल्यानगरमधले पाथर्डी, शेवगाव, परभणीतले गंगाखेड, जालना, नांदेड, हिंगोलीचे काही तालुके. ही जमीन कोरडवाहू. कापूस-सोयाबीन निघाले की शेतात काम उरत नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास इथली माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडे बेळगावपर्यंत जातात. किती जातात यावर एकमत नाही. आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत अंदाज सांगितले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा उभा करत नाही.

मजुरी आधी मिळते, काम नंतर करायचे असते. पावसाळ्यात, सणासुदीच्या तोंडावर मुकादम उचल देतो. ही रक्कम कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे येते. गेल्या काही वर्षांत एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात गेली आहे. फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या रानात, गेल्यावर रोख मजुरी हातात पडत नाही. आठवड्या-पंधरवड्याला किराणा-दवाखान्यापुरती खर्ची मिळते आणि तीही हिशेबात उचलीसारखीच नावे पडते. तोडलेला प्रत्येक टन ही त्या रकमेची परतफेड असते. हंगाम संपून माणूस गावी आला की शेजारीपाजारी किती कमावले हे विचारत नाहीत, ‘फिटली का?’ एवढेच विचारतात.

एका कोयत्याचे गणित

इथे एक जोडपे कल्पून हिशेब मांडतो. हे कुणा एका घराचे खाते नाही. आकडे त्या भागातल्या नेहमीच्या व्यवहाराला धरून घेतलेले आहेत.

जोडप्याने एक लाख रुपये उचल घेतली. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन ऊस तोडला. तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे, सगळे यात आले. नव्या दराने दिवसाचे ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. खर्ची न घेता, एकही दिवस न चुकता लाख रुपये फेडायला १३७ दिवस लागतात. पण चार-पाच महिने माणूस उपाशी राहू शकत नाही. दिवसाला २०० रुपये खर्ची धरली तर फेडीला उरतात ५३२, आणि १३७ चे १८८ दिवस होतात. महाराष्ट्रात सलग १८८ दिवस गाळप चालणे ही अपवादाची गोष्ट आहे.

यात अजून खाडा धरलेला नाही. ताप आला, पाळीत कंबर धरली, पोर आजारी पडले आणि एक दिवस गेला, तर त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो. अनेक टोळ्यांत हा दंड दिवसाला ५०० रुपये असल्याचे गेल्या काही वर्षांत वारंवार समोर आले आहे. म्हणजे एक आजारपण दीड-दोन दिवसांच्या मजुरीला पडते. गाडी आली नाही, चिटबॉयने (कारखान्याचा तोडणीची चिठ्ठी देणारा माणूस) पुढचा फड दाखवला नाही, अवकाळी पावसाने रानात चिखल झाला, या दिवसांना दंड नाही. पण मजुरीही नाही आणि खर्ची मात्र चालू.

माणशी ३६६ रुपये हा आकडा वाटतो त्याहून हलका आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्यापेक्षा ६९ रुपये जास्त मिळवायला पहाटे चारला उठायचे आणि रात्री गाडी भरूनच कोपीवर (राहायच्या खोपटावर) परतायचे. गाडी उशिरा लागली तर रात्रीचे दहाही वाजतात. करार होण्याआधीच्या वर्षी तर टनाचा दर आणि रोजगार हमीचा दिवसाचा दर अगदी एकच होते, दोन्ही २७३.

जे बैठकीत मोजले गेले नाही

२०२१-२२ हा महाराष्ट्राचा विक्रमी हंगाम. सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला, काही कारखाने जूनपर्यंत चालले, मराठवाड्यात ऊस तोडायला माणसे मिळेनात म्हणून ओरड झाली आणि शिल्लक उसासाठी सरकारला अनुदान द्यावे लागले. तेव्हा दर होता २७३. मग २०२३ चा पाऊस कमी पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. लागवड घटली, उभ्या उसाची वाढ खुंटली, आणि त्याचा फटका बसला तो २०२४-२५ च्या हंगामाला. गाळप सुरू करायला मुहूर्तच मिळाला १५ नोव्हेंबरचा, त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान. बीडच्या उमेदवारांना आपले मतदार त्या दिवशी गावातच हवे होते. पुढे फेब्रुवारीतच अनेक कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले. राज्याचे एकूण गाळप सुमारे ८५३ लाख टनांवर थांबले.

आता दोन्ही हंगामांची तोडणीची रक्कम ढोबळपणे काढून पाहा. १,३२० लाख टन गुणिले २७३ म्हणजे सुमारे ३,६०० कोटी. ८५३ लाख टन गुणिले ३६६ म्हणजे सुमारे ३,१२० कोटी. दर ३४ टक्के चढला आणि तोडणीची सगळी रक्कम मात्र पावणेपाचशे कोटींनी खाली आली. यात यंत्राने तोडलेला ऊस वेगळा काढलेला नाही. काढला तर कोयत्यांच्या वाट्याचा आकडा आणखी घटतो.

आपल्या कल्पित जोडप्याकडे परत येऊ. नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी अखेर साधारण साडेतीन महिने. त्यातले ९० दिवस प्रत्यक्ष तोडणी झाली असे उदारपणे धरू. ९० गुणिले ७३२ म्हणजे ६५,८८० रुपये. शंभर दिवसांची खर्ची २०,००० वजा केली की फेडीला ४५,८८०. एक लाखातले ५४ हजार अंगावर राहिले. हेच जोडपे जुन्या, ‘शोषणाच्या’ २७३ च्या दराने लांबलेल्या हंगामात १५० दिवस राबले असते तर ८१,९०० रुपये झाले असते. नवा दर किमान ११२ दिवस मिळाला तरच तो जुन्या दराच्या १५० दिवसांची बरोबरी करतो.

माझ्या मते या प्रकरणाची मेख इथे आहे. दर ठरतो पुण्यातल्या बैठकीत. दिवस ठरतात पावसावर, पाटबंधाऱ्याच्या पाण्यावर, गाळप परवान्याच्या तारखेवर आणि कारखान्यांनी वाढवलेल्या गाळप क्षमतेवर. शेवटच्या कारणाकडे फारसे कुणी बघत नाही. कारखान्यांनी रोजची क्षमता वाढवली की तेवढाच ऊस कमी दिवसांत संपतो. कारखान्याला ते फायद्याचे. उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) चांगला मिळतो, खर्च वाचतो. अशा वेळी जास्त टोळ्या उभ्या केल्या जातात आणि प्रत्येक कोयत्याच्या वाट्याला दिवस कमी येतात. उचल मात्र दिवस पाहून दिली जात नाही. ती पावसाळ्यातच दिलेली असते, पूर्ण हंगाम चालणार असे गृहीत धरून. हंगाम आखडला तर तोटा कुणाचा, याचे उत्तर करारात कुठेही लिहिलेले नाही. न लिहिता ते कोयत्याच्या अंगावर येते.

दुष्काळाची आणखी एक चाल आहे, ती जास्त क्रूर आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी बीडच्या रानात काही पिकत नाही, म्हणून एरवी न जाणारी घरेही उचल घेऊन बाहेर पडतात. म्हणजे हात वाढतात. आणि तोच दुष्काळ वर्षभराने पश्चिमेकडचा ऊस घटवतो. गरज आणि काम एकाच कारणाने उलट्या दिशांना जातात.

बाकी

अंगावर राहिलेल्या ५४ हजारांचे पुढे काय होते? पुढच्या उचलीतून ते कापले जातात. काही ठिकाणी बाकी दुप्पट धरण्याचा व्यवहार होतो. त्याच मुकादमाकडे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही, कारण दुसऱ्या मुकादमाला आधी ही बाकी भरावी लागते. फेडू न शकणाऱ्या माणसाला, कधी त्याच्या मुलाला उचलून नेल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात. उलट बाजूही आहे. उचल घेऊन कोयते आलेच नाहीत किंवा मुकादमच पैसे घेऊन गायब झाला, अशा तक्रारी वाहतूक ठेकेदार पोलीस ठाण्यात नोंदवतात. ट्रॅक्टरच्या हप्त्यात बुडालेला पश्चिम महाराष्ट्रातला तरुण ठेकेदार हाही या साखळीतला पिचलेलाच माणूस. कारखान्याने उचलीची जोखीम त्याच्या सहीवर टाकलेली असते आणि स्वतः कारखाना हात झटकून मोकळा असतो.

१९७६ चा वेठबिगार मुक्ती कायदा याबाबत संदिग्ध नाही. आगाऊ रकमेपोटी माणसाची दुसरीकडे काम करण्याची मोकळीक गेली असेल तर ती वेठबिगारी, आणि ते कर्ज फेडण्याची जबाबदारी कायद्याने संपते. कायद्यात हे आहे. फडात ते कुणी मागत नाही. कारण मागणाऱ्याला पुढच्या आषाढात पुन्हा त्याच मुकादमाच्या ओट्यावर जायचे असते. तो बहुधा त्याच गावचा, भावकीतला नाहीतर ओळखीतला असतो, लग्नाकार्यात पंगतीला असतो, रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी पैसे देणाराही तोच असतो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य स्थलांतरापुरता होता. म्हणून बीडहून बेळगावला गेलेली टोळी त्याच्या कक्षेत येऊ शकत होती. बीडहून कोल्हापूरला गेलेली नाही.

शेतकऱ्याचा पैसा

दरवाढीच्या चर्चेत कारखाने असे बोलतात की जणू त्यांच्या खिशातून जाते. प्रत्यक्षात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. २०२४-२५ साठी एफआरपी (केंद्राने ठरवलेली उसाची किमान किंमत) टनाला ३,४०० रुपये होती, १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यातून तोडणीचे ३६६, मुकादमाचे त्यावर २० टक्के म्हणजे ७३, आणि वर वाहतूक. शिवाय टोळीला द्यावी लागणारी खुशाली आणि गाडीवाल्याची एन्ट्री ही वरची रक्कम वेगळी, जिची पावती कधी मिळत नाही. साखर आयुक्तालय तिच्या विरोधात परिपत्रके काढते आणि ती दिली-घेतली जाते. दोन एकरवाला ऊस उत्पादक कोयत्याकडे आपल्याला लुटणारा म्हणून पाहतो. कोयत्याच्या दृष्टीने हंगामात हातात पडणारी रोख रक्कम काय ती ही खुशालीच, आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून मिळणारे चार पैसे. मजुरी उचलीत गेलेली असल्यामुळे ही वरकमाईच त्याला खरी कमाई वाटते.

शेतकऱ्याचे आणि कामगाराचे एक दुखणे मात्र सामाईक आहे: काटा. वजनात मारले तर शेतकऱ्याचा ऊस जातो आणि कोयत्याची मजुरी. शेतकरी निदान खासगी काट्यावर वजन करून भांडू शकतो, त्याच्या संघटना त्यासाठी रस्त्यावर येतात. कोयत्याला आपल्या नावावर किती टन लागले हे मुकादमाच्या वहीत पाहावे लागते. आणि ती वही बहुतेक वेळा हंगाम संपल्यावरच उघडते.

अर्धा हिस्सा, पूर्ण दिवस

कोयता दोघांचा, पण उचल एकाच्या हातात. करारनाम्यावर सही नवऱ्याची, मुकादमाच्या वहीत नाव त्याचे. बाई पहाटे त्याच्याआधी उठते, चूल पेटवते, भाकरी बांधून घेते, दिवसभर मोळ्या बांधते आणि वाहते, आणि परत आल्यावर पुन्हा चुलीपुढे बसते. दोन टनांतला एक टन तिचा धरला तर ९० दिवसांचे ३२,९४० रुपये तिने मिळवले; तिच्या हातात त्यातला एकही येत नाही. ३४ टक्के वाढीचा तिचा हिस्सा कोणत्या खात्यात जमा झाला, असे विचारले तर असे खातेच नाही हे उत्तर मिळते.

तिच्या शरीरावर या हिशेबाचा काय परिणाम होतो ते २०१९ मध्ये सगळ्या देशाला कळले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात १५ ते ४९ वयातल्या बायकांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. वयोगट सारखे नसल्याने दोन्ही आकडे काटेकोर ताडून पाहता येत नाहीत, पण दरी एवढी मोठी आहे की ती वयाने भरून निघत नाही. गावोगावच्या दवाखान्यांची हाव यामागे आहेच. पण कोपीला संडास नाही, पाणी नाही, पाळीत सुट्टी घेतली तर खाडा, आणि अंगावरून जाण्याच्या त्रासाला डॉक्टर ‘काढून टाका’ म्हणतो, अशा स्थितीत तिशीतली बाई होकार देते. शस्त्रक्रियेचा खर्चही पुढच्या उचलीतूनच येतो.

कोयत्याला जोडी लागते, याचा आणखी एक परिणाम लग्नाच्या वयावर दिसतो. मुलीला गावी एकटी ठेवायची भीती, आणि मुलाचे लग्न झाले की एक नवा कोयता, एक नवी उचल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या बीडमध्ये ४३.७ टक्के होत्या, राज्यात २१.९. याला केवळ ऊसतोड कारण नाही. पण उचलीचे अर्थशास्त्र लग्नाची घाई करायला लावते, हे नाकारता येत नाही.

सरकारने काय केले

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले. कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे. २०२४-२५ च्या गाळपावर एकट्या कारखान्यांचा वाटा ८५ कोटींच्या आसपास निघतो. २०२१ मध्ये मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना आली. ओळखपत्रांसाठी ग्रामसेवकांमार्फत नोंदणी सुरू झाली. हे सगळे लागणारच आहे, आणि वसतिगृहात राहिलेले पोर फडात जात नाही एवढ्या एका गोष्टीसाठीही त्यावर खर्च व्हावा. पण महामंडळ कल्याण करते, उचलीला हात लावत नाही.

दुसऱ्या हाताने सरकारने ९०० ऊस तोडणी यंत्रांना अनुदान जाहीर केले, किमतीच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख रुपये. २०२२ मध्ये ऊस रानात उभा राहिल्याची ती प्रतिक्रिया होती. पुढच्या दराच्या बैठकीत हे यंत्रही एका खुर्चीवर बसलेले असेल. लहान, वेड्यावाकड्या रानात ते चालत नाही, म्हणून कोयता लगेच हद्दपार होणार नाही. मोठे, सपाट, चांगले फड मात्र यंत्राकडे जातील आणि आडवा पडलेला, बांधाकडेचा, अवघड ऊस कोयत्याकडे, म्हणजे दोन टनांसाठी लागणारा वेळ वाढणार.

उचल बंद करावी का

शहरात बसून हे उत्तर सोपे वाटते. वेठबिगारीचे मूळ उचल, तेव्हा ती बंद करा. पण कोरडवाहू तीन एकरवाल्याला दिवाळीआधी एकरकमी लाख रुपये देणारी दुसरी संस्था बीडमध्ये नाही. बँक देत नाही. बचत गट आणि छोट्या कर्जाच्या कंपन्या देतात, पण आठवड्याला हप्ता मागतात आणि व्याज लावतात. उचलीवर उघड व्याज नसते. ती गेली तर लग्न, दवाखाना आणि बियाणे यांसाठी तोच माणूस सावकाराकडे जाईल. म्हणून उचल नको म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही; आणि ती परंपरा म्हणून चालू द्या म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही.

२०२५-२६ च्या हंगामाबरोबर करार संपतो. पुढच्या बोलणीत संघटना टक्केवारी मागतील, तो त्यांचा हक्कच आहे. टक्केवारीच्या आधी मात्र चार कलमे कागदावर यावीत. पहिले, हंगामाला किमान १२० दिवसांची हमी; त्याआधी पट्टा पडला तर उरलेल्या दिवसांची मजुरी कारखान्याने उचलीतून वजा धरावी. दुसरे, हंगाम संपला की बाकी संपली, ती पुढच्या वर्षात नेता येणार नाही. तिसरे, प्रत्येक खेपेचे वजन त्याच दिवशी कोयत्याच्या मोबाइलवर. आणि चौथे, तोडणीची रक्कम निम्मी-निम्मी नवरा-बायकोच्या दोन वेगळ्या खात्यांत. यातले तिसरे कलम उद्या अमलात आणता येईल, काट्याचा आकडा संगणकात असतोच. चौथ्याला कारखान्यांचा फारसा विरोध असायचे कारण नाही. तिथे नकार टोळीतूनच, घरच्या पुरुषांकडून येईल. दुसरे कलम मुकादम मानणार नाहीत, आणि संघटनांतले बरेच पुढारी स्वतः मुकादम आहेत.